काका आणि घड्याळवाले

साउंडवाल्याने वकिलांच्या कॉलरला माइक अडकवला, वायर शर्टाच्या आतून खाली सोडली, आणि तेवढ्यात चॅनेलच्या मॅडम आल्या.

"दोन मिनिटं बंद ठेव," त्या साउंडवाल्याला म्हणाल्या. त्याने वकिलांच्या कमरेच्या डबीचं बटण दाबलं आणि तो बाजूला झाला.

वकील खरे वकील नव्हते. वीस वर्षं त्यांनी निरनिराळ्या मालिकांत काळा कोट घालून दोन-दोन वाक्यं म्हटली होती, त्यावरून ते नाव चिकटलं. चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कोट उतरला आणि धड भूमिका मिळाली, एका मोठ्या कुटुंबातल्या अविवाहित धाकट्या काकांची. त्याला आता तीन वर्षं होत आली होती. आठवड्यातून दोनदा लागणाऱ्या या मालिकेचे तीनशे भाग झाले म्हणून दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमात आज त्यांना बोलावलं होतं. कार्यक्रम थेट जाणार होता. तीन वाजायला अठरा मिनिटं होती.

"सर, तिसरा प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "काका आणि घड्याळवाले यांचं नक्की काय, असं ती विचारेल. मीच विचारायला सांगितलंय. तुम्ही हसायचं आणि सांगायचं, भावासारखे आहेत. आज हा विषय संपला पाहिजे."

घड्याळवाले म्हणजे मालिकेतल्या घरातले तळमजल्यावरचे भाडेकरू. घड्याळं दुरुस्त करायचे. रोज पाच वाजता दुकानाचं दार ओढून घेऊन ते वर यायचे, काका बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले असायचे. काका तापाने फणफणले तेव्हा चार भाग ते उशाशी बसून होते. लग्न दोघांचंही झालेलं नव्हतं, आणि का झालं नाही ते लेखकाने कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दीडशे भागांत कुणाच्या ते डोक्यातही आलं नाही. मग पत्रं येऊ लागली. कुणी मोबाइलवर थट्टेची चित्रं फिरवली, कुणी त्या थट्टेवर चिडलं, आणि घराघरांतून जेवताना वाद रंगू लागले.

"लोक भांडत होते तोवर आम्हालाही चालत होतं," मॅडम म्हणाल्या. "आता वरून विचारणा व्हायला लागलीय."

"आणि नाही संपला विषय, तर?"

"तर घड्याळवाले भाच्याकडे राहायला जातील, दुसऱ्या गावी. पुढच्याच महिन्यात." मॅडमनी हातातली कागद अडकवलेली पाटी छातीशी धरली. "मला आवडणार नाही ते, सर. खरंच नाही. पण एक माणूस उचलला की प्रश्नच उरत नाही. मास्तरांना मात्र यातलं काही सांगू नका. उगाच दडपण येईल त्यांना."

त्या वळून गेल्या. साउंडवाल्याने पुन्हा येऊन बटण सुरू केलं. वकिलांनी कॉलर सारखी केली. ती आधीच सारखी होती.

घड्याळवाल्यांचं काम मास्तर करायचे. ते मात्र खरोखरचे मास्तर होते; उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवत त्यांनी हौशी नाटकं केली होती. या मालिकेआधी आठ वर्षं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता एकसष्ट वय. ही भूमिका गेली तर दुसरी येणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि वकिलांनाही.

आणि याच मास्तरांनी परवा शूटिंगच्या मधल्या सुट्टीत, जिन्यात बसून, चहाचा कागदी पेला दोन्ही हातांत धरून सांगितलं होतं, "गुरुवारी ते विचारणार आहेत म्हणे. तुम्ही काही ठरवून टाकू नका. हो नको, नाही पण नको."

"का हो?"

"माझ्या वयाची माणसं भेटतात रस्त्यात. विचारत काही नाहीत. नुसता हात दाबतात आणि चालू लागतात." मास्तरांनी पेल्यातला तळाचा चहा गोल फिरवला. "तेवढं राहू दे त्यांना."

वकिलांनी मान हलवली होती. मास्तरांच्या घराबद्दल त्यांना जेमतेम एक गोष्ट माहीत होती. एकदा गाडीतून परतताना मास्तर सहज सांगावं तसं बोलून गेले होते, की त्यांच्या दोन खोल्यांत त्यांच्याबरोबर एकोणीस वर्षं एक नकाशे काढणारा राहत होता. तो गेला तेव्हा त्याचे नातेवाईक आले आणि मास्तर सगळ्यांच्या मागे उभे राहिले, कारण नातेवाइकांना ते घरमालक वाटले. वकिलांनी गाडीची काच उगाच खालीवर केली.

वकिलांच्या स्वतःच्या घरीही सगळं आलबेल होतं असं नाही. मागच्या रविवारी लेकीच्या सासूबाईंनी जेवता जेवता विचारलं होतं, "काकांचं नक्की काय आहे हो? आमच्याकडे सगळे मला विचारतात, तुम्ही आमचे व्याही आहात म्हणून." जावई ताटात बघत राहिला. लेक पाणी आणायला उठली. वकील हसले होते, आणि ते हसणं त्यांना स्वतःलाच फार लांबल्यासारखं वाटलं होतं.

आणि आज सकाळी बूट घालताना बायको दारात येऊन उभी राहिली.

"तुम्हाला माहीत आहे का उत्तर?"

"कसलं?"

"काकांचं."

"लेखकाला विचार."

"लेखकाला विचारायचं असतं तर लेखकाला विचारलं असतं," ती म्हणाली आणि त्यांचा रुमाल त्यांच्या हातात देऊन आत गेली.

स्टुडिओत निळा सोफा होता, कागदी फुलं होती आणि समोर दोन रिकामे मग होते, ज्यांतून अधूनमधून प्यायल्यासारखं करायचं होतं. मास्तर आधीच बसले होते. त्यांनी ठेवणीतला शर्ट घातला होता आणि तो मानेला काचत होता. वकील शेजारी बसले.

"काय म्हणत होत्या मॅडम?" मास्तरांनी ओठ न हलवता विचारलं.

"कॉलर नीट ठेवा म्हणाल्या."

"मलाही सकाळी तेच म्हणाल्या," मास्तर म्हणाले.

निवेदिका आली, दिवे वाढले, कुणीतरी पाचपासून उलटे आकडे म्हटले. पहिला प्रश्न भूमिकेच्या तयारीचा, दुसरा बुद्धिबळ खरंच येतं का याचा. वकिलांना येत नव्हतं. मास्तर म्हणाले की तीन वर्षं रोज पाच वाजता एकच डाव चालू आहे आणि घोडा अजून तिथेच उभा आहे. निवेदिका हसली, कॅमेऱ्यामागची माणसंही हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या मुख्य कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभ्या होत्या.

"आता तो प्रश्न," निवेदिका पुढे वाकली, "जो आम्हा सगळ्यांच्या मनात आहे. काकासाहेब, तुम्हीच सांगा. काका आणि घड्याळवाले... म्हणजे नक्की काय?"

वकिलांच्या बाजूच्या कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला.

भावासारखे. दोन सेकंदांचं काम. याहून लांब वाक्यं त्यांनी खोट्या न्यायाधीशांपुढे एका दमात म्हटली होती. त्यांनी समोरचा मग उचलला, रिकामाच आहे हे आठवून परत ठेवला. मास्तरांचा हात त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यावर होता, बोटं जुळवलेली, हललीसुद्धा नाहीत. ते वकिलांकडे बघत नव्हते. वकिलांना भाच्याचं घर दिसलं, लेखकाने न लिहिलेलं, पण असणारच कुठेतरी. मग जिन्यातला कागदी पेला आठवला. निवेदिकेचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि जरा वाळलं.

"काकांचं असं आहे," वकील म्हणाले, आणि आपला आवाज काकांचा नाही, आपलाच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. "की पाच वाजले की..."

मास्तर मोठ्याने हसले. गमतीच्या प्रसंगांसाठी ते राखून ठेवायचे ते हसणं. त्यांचा हात वकिलांच्या खांद्यावर धपकन पडला. तीनशे भागांत तो तिथे कधी पडला नव्हता.

"अहो ताई, भाऊ आहेत हो हे माझे. सख्ख्यापेक्षा सख्खे. यांना सांगवत नाही म्हणून मीच सांगतो. घड्याळवाल्यांचं लग्न ठरलं होतं तरुणपणी. मुलगी वारली. मग राहूनच गेलं ते. एवढीच गोष्ट आहे."

"अगंबाई," निवेदिका म्हणाली. तिचे डोळे खरोखर ओलावले. "म्हणून ते असे गप्प गप्प असतात."

"म्हणूनच," मास्तर म्हणाले.

खांद्यावरचा हात अजून तिथेच होता, जड, लाकडासारखा. वकील हसले. पुढच्या तीन प्रश्नांना त्यांनी काय उत्तरं दिली ते त्यांना आठवलं नाही.

मेकअपच्या खोलीत दोघंच होते. आरशाभोवतीचे दिवे तापले होते. वकिलांनी दार लावलं आणि त्याला पाठ टेकून ते उभे राहिले.

"कोण ही मुलगी?"

"कुठली?"

"वारली ती."

"आत्ताच जन्माला घातली आणि आत्ताच मारली." मास्तरांनी कापसाच्या बोळ्यावर क्रीम घेतलं. "नावसुद्धा ठेवलं नाही बिचारीचं."

"तुम्हीच म्हणाला होतात. हो नको, नाही पण नको."

"म्हणालो होतो."

"मग?"

मास्तर कपाळ पुसत राहिले. तपकिरी पट्टा कापसावर आला, खालून त्यांचा मूळचा रंग निघाला, बराच फिका.

"सकाळी मॅडम आल्या होत्या. कॉलरचं नव्हतं ते. म्हणाल्या, आज विषय मिटला नाही तर काकांना परदेशी बहिणीकडे पाठवून देतील. पुढच्या महिन्यात." त्यांनी बोळा टाकला आणि दुसरा घेतला. "तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. मी वाट पाहिली, तुम्ही म्हणाल म्हणून. तुम्ही म्हणेनात. काका गेल्यावर घड्याळवाल्यांनी पाच वाजता जायचं कुणाकडे?"

वकील पुढे येऊन शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांनीही कापूस ओढला.

"तुम्ही काय म्हणणार होतात?" मास्तरांनी आरशातून विचारलं. "पाच वाजले की, काय?"

"तेच. भावासारखे. आठवत नव्हता शब्द."

"शब्द आठवत नव्हता."

"होतं असं या वयात."

दारावर टकटक झाली आणि उत्तराची वाट न बघता मॅडम आत आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. हातात मोबाइल होता.

"मास्तर, ती मुलगी! काय सुचलं हो तुम्हाला. लेखक तर खूश आहेत. उद्याचा पहिला प्रसंग बदलून पाठवलाय, अर्ध्या तासात. वरच्यांचाही फोन आला, सगळं छान आहे." त्यांनी मोबाइल टेबलावर, क्रीमच्या डबीशेजारी ठेवला. "वाचून घ्या दोघं, मी पाच मिनिटांत नेते." आणि जाता जाता वकिलांकडे वळून त्या मोकळेपणाने म्हणाल्या, "आणि सर, तुम्ही आता निर्धास्त राहा. घड्याळवाले कुठे भाच्याकडे जात नाहीत."

दार बंद झालं.

मास्तरांचा हात गालावर थांबला होता. क्रीमचा एक ओघळ हनुवटीपर्यंत आला.

"भाच्याकडे," ते म्हणाले.

वकील कानामागचा रंग घासत होते. तिथे रंग नव्हता.

"तुम्हालाही सांगितलं होतं."

"हो."

"कार्यक्रमाच्या आधी."

"आधीच."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला, की मी जाणार." मास्तर आता आरशातून बघत नव्हते, खुर्ची वळवून थेट बघत होते. "एकसष्टाव्या वर्षी घरी बसलो असतो मी."

"हो."

"आणि तरी म्हणाला नाहीत भावासारखे."

बाहेर कुणीतरी दिव्यांचा स्टँड ओढत नेला. त्याची चाकं खरखरत लांब गेली.

"तरी," वकील म्हणाले.

मास्तर उठले, त्यांनी बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं, टॉवेलात चेहरा धरला आणि तो लवकर बाहेर काढला नाही. काढला तेव्हा डोळे लाल होते. ते क्रीममुळेही झाले असतील.

"तू वेडा आहेस," ते म्हणाले.

वकिलांनी मोबाइल हातात घेतला. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरावा लागला. मास्तर टॉवेल खांद्यावर टाकून त्यांच्या मागे येऊन उभे राहिले.

"वाच," ते म्हणाले.

"संध्याकाळ. काकांची खोली. घड्याळवाले त्या मुलीबद्दल पहिल्यांदाच बोलतात. आवाज भरून येतो." वकिलांनी बोटाने पान वर सरकवलं. "काका पट बाजूला सारतात. घड्याळवाल्यांचा हात हातात घेतात."

ते थांबले.

"लिहिलंय तसं?" मास्तरांनी विचारलं.

"लिहिलंय. वरच्यांनी बघितलंय म्हणे."

"पुढे?"

"पुढे काही नाही. पुढचा प्रसंग स्वयंपाकघरात आहे." वकिलांनी पान पुन्हा खाली आणलं, ती ओळ पुन्हा बघितली. "किती वेळ धरायचा, ते दिलेलं नाही."

"नसेना," मास्तर म्हणाले.