टाळ्या वाजल्या, विमान थांबलं नव्हतं

इटलीतल्या तोरिनोहून रोमानियातल्या याशला येणारं विमान जमिनीला टेकलं की सगळं ठरल्या क्रमाने होतं. आधी बायका छातीवर क्रूस काढतात, मग टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि टाळ्या विरायच्या आत खटाखट पट्टे सुटू लागतात. वैमानिकाचं अजून सहा मिनिटांचं काम बाकी असतं. धावपट्टी सोडायची, वळणं घ्यायची, इमारतीपाशी नेऊन विमान उभं करायचं. पण प्रवाशांच्या लेखी टाळ्या वाजल्या म्हणजे गाव आलं!

स्मारांदा ही सहा मिनिटं सात वर्षं बघत आली होती. एअर होस्टेस म्हणून तिची जागा पुढच्या दाराजवळच्या घडीच्या खुर्चीवर, तोंड प्रवाशांकडे, दोन्ही खांद्यांवरून पट्टे आवळलेले. या घाईचा जमाखर्च तिने कधीच मांडून ठेवला होता. लवकर उठणारा माणूस दार उघडेपर्यंत मान वाकडी करून उभा राहतो. मग पासपोर्टच्या रांगेत उभा राहतो. मग धावत जाऊन गावाकडच्या मिनीबसमध्ये बसतो, आणि ती बस शेवटची जागा भरल्याशिवाय तसूभर हलत नाही. जमा शून्य! तरी दर खेपेला तीच धांदल, जणू याश शहर यांच्या आधी उठून कुठे निघून जाणार आहे.

त्या दिवशी ईस्टरच्या आधीचा गुरुवार होता. विमान गच्च भरलेलं. तिसऱ्या रांगेत कडेच्या जागेवर स्मारांदाची आई, आग्लायाबाई. तोरिनोत एका म्हाताऱ्या सिन्योराला, म्हणजे इटालियन बाईला, सांभाळायला तिला नऊ वर्षं झाली होती. उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, निजवायचं. सणासाठी जेमतेम पाच दिवसांची सुट्टी मिळालेली. मंगळवारी परत कामावर.

टाळ्या झाल्या. विमान वळलं. आणि आग्लायाबाईंच्या मागच्या रांगेतला त्वादेर उठून उभा राहिला. तोरिनोत फरशा बसवणारा, पन्नाशीचा, आडव्या अंगाचा गडी. सुनेसाठी घेतलेलं लोखंडी कॉफीयंत्र त्याच्या बॅगेत होतं, आणि बॅग आग्लायाबाईंच्या डोक्यावरच्या कप्प्यात.

"काका, खाली बसा! विमान अजून चालतंय!" स्मारांदा ध्वनिक्षेपकावरून ओरडली.

"चालतंय कुठे, पोरी? रांगतंय! माझी गाय याहून जोरात पळते."

सगळे हसले. मागून कुणीतरी भर घातली, "आणि बस चुकली तर तू सोडशील का आम्हाला गावी, दोरोहोईला?"

आग्लायाबाईंनी मान वर केली. "अरे बाबा, बस की दोन मिनिटं. माझी सिन्योरा ब्याण्णव वर्षांची. तिलाही रोज सांगते, आधी थांब, मग ऊठ. नऊ वर्षांत चालताना नाही पडली कधी. तीनदा पडली, ती उठायच्या घाईत."

"मावशी, मी काय ब्याण्णवचा दिसतो?"

"नाहीस ना? मग वजनही तिच्या दुप्पट. पडलास तर माझ्याच अंगावर येशील."

"पडलो तर माझं मी बघीन! तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?" असं म्हणत त्याने कप्पा उघडून बॅग ओढायला घेतली.

आता आणखी सहा-सात जण उभे राहिले. एकाला पाहून दुसरा. स्मारांदाचा हात पट्ट्याच्या खटक्यावर गेला. आईपर्यंत फक्त पाच पावलं. पण विमान चालत असताना तिनेच उठायचं नसतं. ती कोसळली तर आणीबाणीत दार उघडणार कोण? आणि बसा म्हणून सांगणारीच उभी राहिली, तर उरलेले ऐकतील तरी कशाला? तिने हात मागे घेतला. पुन्हा ओरडली. विनवलं. रागावली. तिच्याच गावाकडची माणसं तिच्याकडे पाहून कौतुकाने हसत होती आणि कप्पे उघडत होती.

इतक्यात सामान ओढणारी एक गाडी विमानापुढे आडवी आली. वैमानिकाने ब्रेक दाबला.

धक्का फार मोठा नव्हता. बसलेल्यांची फक्त पोटं पट्ट्यात रुतली. उभे होते ते मात्र पत्त्यांसारखे एकमेकांवर कोसळले. त्वादेर पुढच्या खुर्चीवर आदळला, आणि त्याच्या हातातली बॅग सुटली. आग्लायाबाईंनी डोकं वाचवायला हात वर केला. काडकन आवाज पार पुढच्या दारापर्यंत ऐकू आला.

"आई!"

स्मारांदाने वैमानिकाला फोन लावला. तो म्हणाला, "डॉक्टरला बोलावतो. पण इथे मधोमध थांबता येत नाही, मागून दुसरं विमान येतंय. दोन मिनिटं. सगळे बसलेले हवेत. तूसुद्धा."

दोन मिनिटं! आई समोर, हात मनगटातून भलतीकडे वळलेला, ओठ पांढरे, आणि लेक पट्ट्यात बांधलेली. आग्लायाबाईंनीच डोळ्यांनी तिला खुणावलं, बैस. स्मारांदा बसून राहिली. तेवढंच तिच्या हातात होतं.

विमान थांबलं. पट्ट्यांचा दिवा विझला. सामानासाठी एकही माणूस उठला नाही.

स्मारांदा धावली. त्वादेर आधीच खाली गुडघ्यावर बसून आपला मफलर आग्लायाबाईंच्या हाताखाली धरत होता. त्याच्या भुवईतून रक्त येत होतं, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"मावशी, चुकलो मी."

"चुकलास खरा. पट्टा तू सोडलास, हात माझा मोडला. आता माझ्या खिशातला फोन काढ. सिन्योराला लाव."

"आत्ता? डॉक्टर तरी येऊ दे, आई!" स्मारांदा म्हणाली.

"डॉक्टर येईलच गं. तिची मंगळवारची सोय आजच बघायला हवी."

त्वादेरने फोन लावून तिच्या कानाशी धरला. आग्लायाबाईंनी चार शब्दांत सांगितलं. पलीकडून इटालियनमध्ये बारीक, थरथरता आवाज आला. पंधरा वर्षं तोरिनोत काढलेल्या त्वादेरला तो नीट समजला.

"मग मला सकाळी उठवणार कोण?"

त्वादेर स्मारांदाकडे वळून म्हणाला, "ताई, तक्रारीत माझं पूर्ण नाव लिही. आणि हेही लिही, की मावशीनं सांगितलं होतं आणि मी हसलो."

मंडळी, पडलो तर माझं मी बघीन, असं आपण सगळेच म्हणतो. पण चालत्या विमानात उभा राहिलेला माणूस एकटा कधी पडत नाही. तो पट्टा लावून बसलेल्या शेजारणीवर पडतो, आणि कधी न पाहिलेल्या एखाद्या म्हातारीची सकाळही आपल्याबरोबर खाली ओढतो. म्हणून विमान थांबून दिवा विझेपर्यंत पट्टा लावून बसून राहा. तो तुमच्या कमरेला असला तरी अर्धा तुमच्या शेजाऱ्याचा आहे!