एक इंच कमी सांगणारा टेप

मी शिवणाचा टेप बोलतोय. माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते शेवटी ठरवा. आमच्या दुकानात तर कुणाचाच कुणावर नाही.

माझी मालकीण शिवणकाम करते. सगळे तिला मावशी म्हणतात. वय बावन्न, आठ वर्षांपासून मधुमेह, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. नवरा इस्त्री करतो, लेक मशीनवर बसते, मी एकवीस वर्षं मावशीच्या गळ्यात होतो. स्वभावानं भारी संशयी बाई! सुई हरवली तरी आधी नवऱ्याचे खिसे चाचपणार.

गेल्या वर्षी तिची पँट कमरेत अडायला लागली. "गरम पाण्यात धुतलीस ना?" तिनं लेकीला फैलावर घेतलं. मग नवऱ्यावर घसरली, "तुमच्या इस्त्रीनं कापड आटलंय."

"अगं, आटलं असतं तर मांडीत ढिली कशी झाली असती?" तो म्हणाला.

खरंच होतं ते. मांड्या उतरल्या होत्या, पोट मात्र पुढे आलं होतं. मावशीनं मला कमरेभोवती गुंडाळलं. आधी पस्तीस भरायची, आता सदतीस. "हा मेला आखडलाय!" झालं, खापर माझ्या डोक्यावर.

मला उलट तिचाच संशय येत होता. जिना चढताना ती मधेच थांबायची आणि चप्पल नीट करतेय असं दाखवायची. दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखायचं, की म्हणायची, "दिवसभर वाकून बसल्यावर दुसरं काय होणार?" घरच्यांना ते पटायचं. मला नाही पटायचं, पण मला विचारतो कोण!

मग एका दुपारी दवाखान्यातली सिस्टर आम्ही शिवलेल्या गणवेशांचं गाठोडं घेऊन आली. मापं दवाखान्यानं लिहून पाठवली होती, कापड माझ्या आकड्यांनी कापलं होतं. "मावशी, सगळे कमरेत ढगळ झालेत."

"तुम्हीच बारीक झाला असाल," मावशी फणकारली.

लेकीनं मला लोखंडी गजावर ताणून धरलं. गज छत्तीस इंचांचा, आणि त्याच्या टोकाला माझा पस्तीसचा आकडा! मी आखडलो नव्हतो, ओढून ओढून लांबलो होतो. एरवी अंगही माझ्यानंच मोजायचं आणि कापडही माझ्यानंच, मग चूक कळणार कशी? अशी लाज वाटली मला, काय सांगू!

"म्हणजे आई, तुझी कंबर सदतीस नाही. अडतीस आहे."

सिस्टरनं गाठोडं बाजूला ठेवलं. "मावशी, जिना चढताना दम लागतो? पाठीत दुखतं?"

मावशी चप्पल नीट करायला वाकली. नवऱ्यानं इस्त्री उभी केली.

"पाळी असते तोवर शरीरात इस्ट्रोजेन भरपूर असतं," सिस्टर म्हणाली. "ते चरबी मांड्यांत, नितंबांत साठवतं, रक्तवाहिन्यांनाही जपतं. ते कमी झालं की चरबी पोटात, आतड्यांभोवती साचते. तिथली चरबी वाईट. साखर आणखी बेताल होते आणि सगळा ताण हृदयावर येतो. मधुमेह असला की बाईला ते संरक्षण पाळी असतानाही पुरेसं मिळत नाही."

"मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतल्या तर?" लेकीनं विचारलं.

"ते डॉक्टर तपासून ठरवतील, मनानं नाही घ्यायच्या. आधी हृदयाचा आलेख काढू या. आत्ता."

"हातातलं काम संपवून येते," मावशी म्हणाली. नवऱ्यानं दुकानाचं दार ओढून घेतलं.

हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. "आणखी आठवडाभर थांबला असता तर अवघड होतं," असं डॉक्टर म्हणाले, म्हणे. लेक ते सांगताना रडली.

ती वेळेत उघडली, आता मावशी घरी आहे. सकाळी चालते, औषधं घेते. नवा टेप आलाय आणि मी चिंध्यांच्या पिशवीत आहे. पण आज तिनं नव्यानं कंबर मोजली, साडेसदतीस. तोंड वाकडं केलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मला हळूच बाहेर काढून गुंडाळलं. साडेछत्तीस! कशी खुलली बघा!

तेवढ्यात लेक दारात आली. "आई, ह्याच्यावर विसंबून राहिलीस म्हणून जीवावर बेतलं होतं ना?"

मावशीनं मान खाली घातली. मग तिनं कातर उचलली.

काप मावशी, हात कचरू देऊ नकोस. मी तुला कायम कमीच सांगत राहीन.