सातावरची किंकाळी

सासऱ्यांनी डोक्यावरून टॉवेल घेतला, भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बैठक मारली आणि फर्मावलं, "हं, वाजव."

सुनेच्या डावीकडे होतं धूड. धूड म्हणजे सासऱ्यांचा चाळीस वर्षांपूर्वीचा सिंथेसायझर. हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं, कारण त्यांच्या संसारात सगळ्यात जास्त जागा त्यानेच अडवली होती. उजवीकडे सुनेचा लॅपटॉप आणि त्याला जोडलेला एक चिमुकला कीबोर्ड. दोन्हींचा आवाज एकाच स्पीकरमधून येत होता. सुनेने उजवीकडची पट्टी दाबली.

"लॅपटॉप," टॉवेल म्हणाला.

मग डावीकडची.

"धूड! ऐक, ऐक कसं दाणेदार आहे ते."

दहापैकी दहा. काल दहा, परवाही दहाच. सून दातओठ खात त्या टॉवेलकडे बघत राहिली. सासूबाई खिडकीपाशी आपल्या शिवणाच्या टेबलावर मान खाली घालून कापड कापत होत्या. या भानगडीत आपण नाही, असा त्यांचा चेहरा होता.

भानगड साधी होती. सासरे मुलांच्या नाटकांना साथ करायचे. चेटकीण रंगमंचावर आली की ते धुडाचं फीडबॅकचं बटण थेट सातावर न्यायचे. फीडबॅक म्हणजे आवाजाने स्वतःचंच बोलणं पुन्हा स्वतःच्या कानात घालून घ्यायचं. जितकं जास्त घालावं तितका तो पिसाळतो. पाचावर धूड कुरकुरायचं, सहावर खेकसायचं आणि सातावर अशी किंकाळी फोडायचं की पुढच्या तीन रांगांतली पोरं खुर्च्यांखाली जायची. त्या खुर्च्यांखालच्या पोरांवर सासऱ्यांचा भारी जीव.

पण गेल्या दोन प्रयोगांत धुडाने ऐन वेळी दगा दिला. दिवे लागलेले, पट्ट्या चालू, आवाज मात्र गुल. चेटकीण तोंड उघडून नुसतीच उभी राहिली आणि पुढच्या रांगेतून एक पोरगी मोठ्याने म्हणाली, "हिचा घसा बसलाय का?"

थिएटरच्या व्यवस्थापक बाई नंतर फार गोड बोलल्या. "तिसऱ्यांदा असं झालं तर आपण रेकॉर्ड वाजवू. तुम्ही आता आराम करा." ते 'आराम करा' सासऱ्यांच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस ते घरात कुणाशी भांडले नाहीत, तेव्हा सून घाबरली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सगळे तिच्याशी जपून बोलत होते. पहिल्याच आठवड्यात तिच्याशी मोकळेपणाने भांडलेला माणूस हाच. तो गप्प बसलेला तिला सहन होईना.

म्हणून तिने तीच किंकाळी सॉफ्टवेअरमध्ये बांधायला घेतली. पडद्यावर छोटे छोटे डबे मांडायचे, प्रत्येकाला एक काम द्यायचं आणि त्यांच्यात वायरी ओढायच्या. पोटापाण्यासाठी ती हेच करायची. सासऱ्यांनी एकच अट घातली: "मला फरक ओळखता आला नाही, तरच वाजवीन. उगाच माझ्या गळ्यात मारू नकोस."

पहिली किंकाळी मिक्सरमध्ये खडे घातल्यासारखी निघाली. तिचे डबे आवाज गठ्ठ्यागठ्ठ्याने पुढे सरकवत होते, त्यामुळे आवाजाचं बोलणं त्याच्याच कानात उशिरा पोचत होतं. लॅपटॉपच्या लेखी आवाज म्हणजे नुसती आकड्यांची माळ. तिने गठ्ठे सोडवले, एकेक आकडा लगेच परत जाईल असं केलं. पाचापर्यंत छान झालं. सातावर पुन्हा खरखर. आलेख मोठा करून पाहिला, तर एक आकडा वर उडी मारत होता, पुढचा खाली, त्यापुढचा पुन्हा वर. धूड असं मुळीच करत नव्हतं. का करत नव्हतं, ते मात्र कळेना. आठवडाभर तिने डोकं आपटून घेतलं.

मग एका दुपारी राक्षस माप द्यायला आला. म्हणजे नाटकात राक्षस होणारा नट. कपडेपट सासूबाईंकडे होता. टेप कमरेला लागताच राक्षसाने पोट आत ओढून घेतलं. सासूबाईंनी माप लिहिलं आणि त्याला एक विनोद सांगितला. तो खो खो हसला, पोट सुटलं आणि त्यांनी पुन्हा टेप लावली.

"आई, दोन मापं कशाला?" सुनेने विचारलं.

"एक लाजेचं, एक हसण्याचं. दोन्ही खोटी. दोन्हींची बेरीज करायची नि निम्मी घ्यायची. आजवर एकाचंही बटण तुटलेलं नाही."

सून चहाचा कप तिथेच ठेवून पळाली. शेवटचे दोन आकडे घ्यायचे, त्यांची बेरीज निम्मी करायची आणि तेवढंच परत कानात घालायचं! वरची उडी नि खालची उडी एकमेकांना गप्प बसवणार. तिने एक डबा वाढवला, फीडबॅक सातावर नेलं आणि पट्टी दाबली. खिडकीबाहेरचं मांजर कठड्यावरून खाली पडलं. अगदी धूडच!

तरीसुद्धा महिनाभर रोज दहापैकी दहा?

आता तिचा स्वतःच्याच कानांवरचा विश्वास उडायला लागला. शनिवारी प्रयोग, आणि आज झाला गुरुवार. तोंड पाडून ती वायरी गुंडाळायला खाली वाकली आणि तिला शिवणाच्या टेबलाखाली बारीक चिंध्यांचा ढीग दिसला. सासूबाई रुमालाएवढं कापडसुद्धा फेकत नाहीत, त्याची झालर करतात. त्यांनी चांगल्या कापडाचे असे बोट बोट तुकडे करावेत? तिने आजच्या निळ्या कापडाचे तुकडे मोजले. पाच. आज धूड वाजवलं होतं तेही पाच वेळा.

अच्छा! म्हणजे धूड वाजलं की कात्री वाजते. आणि ही महामाया मान खाली घालून बसते!

शुक्रवारी सकाळी सुनेने धुडाच्या मागून लॅपटॉपला एक वायर जोडली. धुडाचा स्वतःचा आवाज शून्यावर नेला. आता पट्ट्या धुडाच्या, पण आवाज लॅपटॉपचा. मग निरागस चेहऱ्याने हाक मारली, "बाबा, शेवटची परीक्षा घेता का?"

टॉवेल आला, स्टूल आलं. सुनेने धुडाची पट्टी दाबली. खिडकीपाशी कच्च.

"धूड!" सासरे गरजले. "अगं, असा जिवंतपणा तुझ्या त्या डब्यांना सात जन्मांत जमायचा नाही!"

सुनेने धुडाच्या आवाजाची वायर उपटली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. किंकाळी आपली चालूच.

सासऱ्यांनी टॉवेल काढला. वायरीकडे पाहिलं, मग बायकोकडे. सासूबाईंनी कात्री हळूच पदराखाली घेतली. आता खोलीत हशा पिकणार म्हणून सून तयारीत होती. पण सासऱ्यांचा चेहरा एवढासा झाला.

"सांगून टाक तिला," ते म्हणाले.

"महिना झाला खुणा करतेय," सासूबाई म्हणाल्या. "आधी ह्यांना खरंच ओळखू यायचं गं. तो राक्षस येऊन गेला ना, त्यानंतर यायचं थांबलं. ह्यांना वाटलं, कान गेले. मला म्हणाले, कुणाला कळू देऊ नकोस."

"कानच गेले तर वाजवायचं कशावर?" सासरे म्हणाले. "लावू देत रेकॉर्ड. मी करतो आराम."

सून महिनाभर काम सुधारत होती, आणि तिकडे हा माणूस स्वतःला बहिरा ठरवत होता. तिचं जितकं जमलं, तितका तो खचला होता. समजावून सांगितलं असतं तर तो समजूत काढतेय म्हणाला असता. तिने लॅपटॉपकडे वळून राक्षसाच्या मापाचा डबा गुपचूप काढून टाकला आणि पट्टी दाबली.

"ई! वाळू कुठून ओतलीस?" सासरे ताडकन उठले.

तिने डबा परत लावला, पण निम्म्या-निम्म्याऐवजी एका आकड्याला किंचित जास्त वाटा दिला. हा फरक तिला स्वतःलाही ऐकू येत नव्हता. सासऱ्यांनी डोळे मिटले.

"अंगात बसत नाहीये," ते म्हणाले. "एका खांद्यावर ओढलंय."

"बाबा, हे तर मलासुद्धा ऐकू येत नाही! कान शाबूत आहेत तुमचे. ओळखू आलं नाही, कारण माझं जमलं होतं. कळलं?" बोलता बोलता तिचा आवाज चढला आणि डोळ्यांत पाणी आलं.

सासऱ्यांनी टॉवेलची घडी घातली. मग म्हणाले, "ओरडतेस काय? बहिरा नाहीये मी."

सासूबाईंनी पदराखालून कात्री बाहेर काढली आणि उरलेल्या निळ्या कापडाची झालर करायला घेतली.

शनिवारी दुपारी धूड रंगमंचाच्या कडेला आपल्या जागी बसलं, मागची लॅपटॉपची वायर तशीच. ठरलं असं: धूड बोलतंय तोवर बोलू द्यायचं, आणि त्याने मान टाकली की विंगेतल्या सुनेने लॅपटॉपचा आवाज वर करायचा. चेटकीण आली. सासऱ्यांनी फीडबॅक सातावर नेलं, किंकाळी फुटली आणि तीन रांगा खुर्च्यांखाली गेल्या. त्या दिवशी चौथीही गेली.

पडदा पडल्यावर व्यवस्थापक बाई आल्या. "वा! शेवटपर्यंत टिकलं म्हणायचं!"

"कुठलं टिकतंय! पहिल्या अंकातच बसलं," सून म्हणाली. "चेटकीण यायच्या आधी."

सासरे गर्रकन वळले. "आधी? म्हणजे ती किंकाळी..."

"माझी."

सासऱ्यांनी एक मोठा श्वास घेतला. महिनाभर जे वाक्य टॉवेलखाली लपवलं होतं, तेच त्यांनी आता राक्षस, चेटकीण, दिवेवाले, जो दिसेल त्याला दंड धरून ऐकवायला सुरुवात केली.

"मला कळलंच नाही! अहो, मला! मलासुद्धा कळलं नाही!"