कोपऱ्यातल्या झाडाची प्रकाशयोजना

चौतीस वर्षं मी नाटकांची प्रकाशयोजना केली. निवृत्त झालो तेव्हा उजेडातलं मला जेवढं कळतं तेवढं सूर्यालाही कळत नसेल, असं माझं प्रामाणिक मत होतं. एका झाडाने ते दोन महिन्यांत मोडीत काढलं.

झाड बायकोचं. रुंद हिरवी पानं, वर फिकट पट्टे, खालून जांभळा रंग. तिची आई गेली तेव्हा तिने माहेरून ना दागिना मागितला, ना भांडं. आईच्या कुंडीतला एक फुटवा तेवढा मुळासकट ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन आली. मूळ कुंडी पुढे भावाकडे वाळून गेली, म्हणजे आईचं म्हणून जे काही उरलं ते आमच्याकडे. बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून सहा-सात फुटांवर, कोपऱ्यात पुस्तकांच्या कपाटाला लागून ते नऊ वर्षं उभं होतं.

मी निवृत्त झालो त्याच आठवड्यात मुलीच्या बाळंतपणासाठी बायको दोन महिने तिच्याकडे गेली. निघताना म्हणाली, "मंगळवारी आणि शनिवारी कपभर पाणी घाला. बाकी काही करू नका."

"बाकी म्हणजे काय?"

"तुम्हाला जे सुचेल ते."

चार दिवस मी शहाण्यासारखा वागलो. पाचव्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना पाहतो तर झाडाची सगळी पानं वर उभी राहून एकमेकांना चिकटलेली. ते रोज संध्याकाळी असंच करायचं, पण रोज संध्याकाळी मी थिएटरात असायचो. मला वाटलं, बिचारं उजेडासाठी हात वर करतंय. आमच्या धंद्यात पात्र अंधारात राहिलं की शिव्या प्रकाशवाल्याला बसतात. इथे माझ्याच घरात एक पात्र नऊ वर्षं अंधारात उभं होतं आणि मला पत्ता नव्हता. हे मला फार झोंबलं.

माळ्यावरून नाटकातला जुना स्पॉट-दिवा काढला, पाचशे वॅटचा. स्टुलावर ठेवला, कोन लावला, समोर जिलेटिनचा पिवळसर पारदर्शक कागद अडकवला. झाड असं काही दिसायला लागलं की आता ते संवादच म्हणेल. मी सोफ्यावर बसून स्वतःवर खूश होत राहिलो. दिवसाही आबाळ नको म्हणून सकाळी कुंडी खिडकीत, थेट उन्हात नेली. सकाळची पाळी सूर्याची, संध्याकाळची माझी.

आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी निदान केलं की उजेड कमी पडतोय, आणि स्पॉट अर्धा तास वाढवला. मग पट्टे विरले आणि पानांच्या सुरळ्या झाल्या. अकरा पानांतली पाच गळाली. अति तिथे माती, हे मी नव्या मुलांना चौतीस वर्षं शिकवलं. शिकवणाऱ्याने स्वतःही ऐकायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी घाबरलो. नाटक पडलं तर दुसरं उभं करता येतं. हे झाड मेलं तर बायकोची आई दुसऱ्यांदा गेली असती, आणि या वेळी माझ्या हौसेपायी.

त्यातच बायकोचा फोन. "झाड कसं आहे?" एवढंच तिने विचारलं. चोराच्या मनात चांदणं. ती म्हणाली, फोटो पाठवा. मग मी आयुष्यभराचं कसब पणाला लावलं. झाड कोपऱ्यात आणलं, त्यातल्या त्यात बरी तीन पानं पुढे घेतली, त्यांच्यावर डावीकडून मऊ उजेड टाकला आणि जळकी बाजू अंधारात ढकलली. फोटो इतका सुरेख आला की क्षणभर मलाच वाटलं, झाड सुधारलं.

"छान," ती म्हणाली. "उद्या नर्सरीतून थोडं खत आणून ठेवा."

मी गेलो. खत पिशवीत भरता भरता नर्सरीवाल्याने सहज विचारलं, "काका, झाड ठेवलंय कुठे?" परक्या माणसाशी खरं बोलणं सोपं असतं. मी सगळं सांगितलं. पाचशे वॅट ऐकून त्याने पिशवी खाली ठेवली.

"काका, हे मोठ्या झाडांच्या पायाशी वाढणारं झाड. याला उजेड पाहिजे, ऊन नको. पानावर हात धरून बघा. सावली ठळक पडली तर उजेड जास्त, पडलीच नाही तर कमी. पुसट, कडा विरलेली पडली की बरोबर. आणि संध्याकाळी ते पानं मिटून झोपतं. तुम्ही त्याला झोपूच दिलं नाहीत."

कडा विरलेली सावली. आयुष्यभर मी हीच तर रंगमंचावर पाडत आलो होतो.

घरी येऊन मी हात पुढे धरून खोलीभर फिरलो. खिडकीत सावली ठळक. दाराशी पत्ताच नाही. तासाभराने एका ठिकाणी ती हवी तशी पुसट पडली. खाली पाहिलं तर फरशीवर कुंडीचा नऊ वर्षांचा गोल डाग. मी कुंडी मुकाट्याने त्या डागावर ठेवली आणि स्पॉट माळ्यावर टाकला.

बायको आली तेव्हा चार पानं उरली होती. हातातली बॅग खाली ठेवून ती थेट कुंडीपाशी बसली. मी हवामानाबद्दल पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "मला फोटोतच कळलं. उजेड डावीकडून होता. आपल्या कोपऱ्यात डावीकडे कपाट आहे."

मी कपाटाकडे पाहिलं.

"आणि उजवीकडे काळोख. तुमच्या नाटकात पडद्याला ठिगळ असलं की त्या बाजूला असाच काळोख असायचा. इतकी वर्षं शेवटच्या रांगेत बसून मी दुसरं काय बघत होते? नर्सरीवाल्याला फोन केला आणि तुम्हाला खत आणायला पाठवलं."

"मग मलाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही आणखी एक दिवा लावला असता."

मी खरंच लावला असता. "चुकलं माझं," मी म्हणालो. "आईंचं एवढंच उरलं होतं."

तिने डोळे पुसले, मग देठांमध्ये बोट घालून म्हणाली, "इकडे बघा."

मी वाकलो. संध्याकाळ होत आली होती, काही दिसेना. सवयीने माझा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी हात खिशात घातला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसलो.

"दिसलं?" तिने विचारलं.

"दिसलं," मी म्हणालो. खरं तर तेव्हा काहीच दिसलं नव्हतं. बराच वेळ तसाच बसून राहिलो, तेव्हा कुठे ते नवं पान दिसलं, घट्ट गुंडाळलेलं, बोटाएवढं.