वेल्कोचा सावकाश घास

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे जेवताना मधेच कोणी उठत नाही. उठलं तर वर्षभर कोंबड्या अंड्यांवर बसत नाहीत. उठावंच लागलं, तर दाण्यांनी लवलेल्या गव्हासारखं कमरेत वाकून जायचं.

"आमच्या कोंबड्या मात्र छान बसतात," खाटेशी बसलेल्या नेदेल्याकाकू म्हणाल्या. "ह्याची कृपा! ह्याचा घास काही संपत नाही, आणि आम्ही बसलोय आपले, पायांना मुंग्या येईस्तोवर."

हा म्हणजे त्यांचा नवरा, वेल्कोकाका. रोदोपीच्या डोंगरातले मेंढपाळ, प्लोवदिव शहरात आमच्या इस्पितळाच्या वॉर्डात आलेले. कर्करोगामुळे त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. पुढे शिवलेल्या घशातून लाळ पाझरायला लागली, तेव्हा आम्ही अन्ननलिकेत सिलिकॉनची मऊ नळी बसवली. लाळ तिच्यातून खाली जावी, जखमेला सुकायला सवड मिळावी, म्हणून. जखम भरली. आज नळी काढायची होती. खाटेवरच, तोंडातून, चुटकीसरशी.

फक्त सकाळी त्यांच्या रुमालावर रक्ताचा एक ठिपका पडला होता. लालभडक.

"नळी घासली असेल," माझे वरिष्ठ, डॉक्टर मानोल म्हणाले. हातमोजे चढवून झाले होते. "काढली की थांबेल. चल, झ्लातिना, दिवा धर."

मी दिवा धरला, पण मन काकूंच्या कोंबड्यांपाशीच राहिलं. "काकू, काका असे सावकाश कधीपासून जेवतात?"

"कधीपासून म्हणजे? जन्मल्यापासून! गावातली पोरं ह्याच्या मागे गात फिरायची:

ताटं निघाली धुवायला,
वेल्को बसला जेवायला!

सासूबाई ह्याला मांस खिम्यासारखं चिरून द्यायच्या. मी म्हणायची, दात काय नुसते दाखवायला ठेवलेत?"

हाक मारायला म्हणून दिलेला चमचा काकांनी रागाने खाटेच्या दांडीवर आपटला. आवाज नव्हता, म्हणून बोटाने दाखवलं: इथे अडतं, छातीच्या वरच्या हाडामागे. मग तेच बोट त्या जागी ठोकत राहिले. ठक, ठक, ठक. नाडीसारखं.

मानोल थबकले.

"लहानपणापासून? ह्याच जागी?"

काका ओठांनीच म्हणाले, "ह्याच."

मानोलनी चिमटा परत ट्रेमध्ये ठेवला, इतका हळू, की जणू शेजारी कोणी झोपलंय.

उजव्या हाताला रक्त नेणारी धमनी एखाद्याच्या अंगात आडवाटेने जाते, अन्ननलिकेच्या मागून. जन्मभर घास अडखळण्यापलीकडे तिचा उपद्रव नसतो. पण मध्ये नळी आली, की एका बाजूने नळी दाबते, दुसऱ्या बाजूने धमनी ठोके देते, आणि मधली भिंत झिजत जाते. अशा वेळी नळीच भोकाचं बूच होऊन बसते. खाटेवर ती ओढली असती, तर काकूंच्या डोळ्यांदेखत काका गेले असते.

तपासणीच्या चित्रात ती वाट दिसली. नदीने डोंगराला मागून वळसा घालावा तशी.

"हीच का घास अडवणारी चेटकीण?" काकूंनी विचारलं. "आणि मी एवढी वर्षं ह्याला आळशी म्हणत होते!"

रक्तवाहिन्यांच्या सर्जननी आधी धमनीत आतून अस्तर बसवलं. मगच, शस्त्रक्रियागृहात, मानोलनी नळी काढली. थेंबभरही रक्त आलं नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी काकूंनी खाटेजवळ शिजवलेला गहू, वाल भरलेल्या मिरच्या आणि पाव मांडला. काकांना तोंडाने काही द्यायचं नव्हतं; त्यांचं जेवण पोटात बसवलेल्या नळीतून थेंबाथेंबाने चाललं होतं.

"आधीपेक्षाही सावकाश!" काकू म्हणाल्या. "बसा डॉक्टरीणबाई. ह्याच्या जेवणाची बाटली संपेपर्यंत उठायचं नाही."

बसले. थेंब पडत होते. काका हसऱ्या डोळ्यांनी माझ्या मुंग्या आलेल्या पायांकडे बघत होते.

इतक्यात पलीकडच्या वॉर्डातून मला हाक आली.

मी उठले, आणि दारापर्यंत कमरेत वाकून गेले.