आईच्या पोटातले जंतू

आई डर्बनच्या इस्पितळात वारली. आमच्या रीतीप्रमाणे तिचा धाकटा भाऊ, भेकुमुझीमामा, उम्फाफा बोरीची काटेरी फांदी घेऊन गेला आणि तिच्या आत्म्याला फांदीवर बसवून इस्पितळातल्या खाटेपासून एशोवेच्या घरी घेऊन आला. टॅक्सीत फांदीसाठी वेगळी सीट घेतली होती. वाटेत नदी लागली की तो फांदीला सांगे, "ताई, नदी ओलांडतोय हं."

तिला पुरून थोडे दिवस झाले आणि एका प्रयोगशाळेतून फोन आला. आईने मधुमेहाच्या अभ्यासासाठी शौचाचा नमुना दिला होता. त्यातले जंतू अजून जिवंत होते. ठेवायचे की नष्ट करायचे, हे मुलीने, म्हणजे मी, लिहून द्यावं.

"जिवंत म्हणजे?" मामाने विचारलं.

"गोठवलेत. ऊब मिळाली की परत वाढतात."

"मग मी घरी कुणाला आणलं, नोकुलुंगा? अर्ध्या ताईला?"

"मामा, जंतू आहेत ते."

"तिच्याच पोटातले ना? तिच्या हातचं आंबट दूध पिऊन माजलेले."

उरलेल्या ताईला आणायला मामाने नवी फांदी तोडली.

प्रयोगशाळेत डॉ. झुंगूबाईंनी शांतपणे समजावलं. मधुमेह असलेल्यांच्या आतड्यात काही जंतू कमी आढळतात. पण ते कमी झाल्यामुळे साखर वाढते, की साखरेमुळे आणि औषधांमुळे ते कमी होतात, हे अजून नीट उलगडलेलं नाही.

"ते तिचे होते, की नुसते तिच्यात राहत होते?" मी विचारलं.

"काही तिला जन्मताना तिच्या आईकडून मिळाले असतील. तिच्याकडून काही तुम्हालाही."

मी आणखीच गोंधळले. मामा फांदी धरून शीतकपाटासमोर उभा होता.

"मामा, काय लिहू?"

फांदी हातात असताना फक्त गेलेल्या माणसाशी बोलायचं असतं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "ताई, तुझी लेक विचारतेय काय लिहू. एवढं शिकवलंस, आता तूच सांग तिला."

नष्ट करा म्हटलं तर ती पुन्हा मरणार. ठेवा म्हटलं तर पुरती घरी कधीच येणार नाही. मला दोन्ही खरं वाटत होतं. मी 'ठेवा' लिहिलं. का, ते आजही सांगता येणार नाही.

मामाने वाचलं. "ताई, हे इथे राहतायत. तू चल."

दाराशी तो थांबला, मागे वळला, आणि कपाटाकडे पाहून हळूच म्हणाला, "तुम्हीही सांभाळून राहा."

डॉ. झुंगूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हे कुणाला म्हटलं, ते मलाही ठाऊक नव्हतं, आणि मामा फांदी घेऊन चालू लागला होता.