मधला हिरा

बाईंनी क्रूस हातातसुद्धा घेतला नाही, तेव्हाच मामांनी मान खाली घातली. एरवी कुणी साधी अंगठी दाखवायला आणली तरी बाई डोळ्याला भिंग लावून अर्धा अर्धा तास बघायच्या; आणणाऱ्याचा चहा निवून जायचा. दागिने घडवण्यात त्यांचं नावच तेवढं होतं. त्यांच्या सहीचं पत्र सोबत असलं की जुना दागिना प्रदर्शनात मानाने जायचा. आज मात्र त्यांनी टेबलावरच्या हिऱ्यांच्या क्रूसावर ओझरती नजर टाकली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"नक्कल आहे," त्या म्हणाल्या.

जुन्या दागिन्यांचा व्यापारी हिरमुसला. "बाई, जरा नीट तरी बघा. तुमच्या पुस्तकात हुबेहूब हेच चित्र आहे. अकरा हिरे, मधला मोठा. मला तर हा जुन्या सामानात मिळाला."

"ते चित्र छापून आलं आणि नकलांचं पेव फुटलं. असा क्रूस मी एकच केला. तो माझ्या मुलीच्या गळ्यात आहे."

"मग त्यांनाच एकदा दाखवून—"

"चाळीस वर्षं झाली तिला जाऊन. क्रूस तिच्यासोबतच पुरलाय."

व्यापाऱ्याने जीभ चावली. खिडकीखालच्या बाकावर बसलेल्या मामांनी मान आणखी खाली घातली.

मामा म्हणजे बाईंकडे हिरे बसवणारे कारागीर. तसे ते कुणाचेच मामा नव्हते. बाईंची पोरगी लहानपणी याच खोलीत रांगायची, ती मामा म्हणायला लागली आणि मग बाईंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांना मामा करून टाकलं. पोरीच्या एकोणिसाव्या वाढदिवसासाठी बाईंनी क्रूस रेखाटला, मामांनी त्यात हिरे बसवले. चार महिने तिने तो मिरवला. मग तापाने फणफणली आणि तीन दिवसांत गेली.

शवपेटीत तिच्या गळ्यात क्रूस बाईंनीच घातला. मग त्यांची शुद्ध हरपली आणि बायकांनी त्यांना दुसऱ्या खोलीत नेलं. झाकण लावायच्या आधी पोरीचे वडील मामांच्या कानाशी आले. ते शाळेत भूमिती शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणायचे. "मामा, तेवढी साखळी सोडवून द्या. माझी बोटं चालत नाहीत. सगळंच मातीत घालायला माझा जीव होत नाही हो. आणि हिच्या आईला कधी सांगू नका. तो पोरीजवळ आहे, एवढाच तिला आधार राहील."

मामांनी साखळी सोडवली आणि शब्द दिला. शब्द देताना सोपा वाटतो.

सरांचं म्हणणं खरं ठरलं. थंडीच्या दिवसांत बाई कधी कधी आपणहून सांगायच्या, "रात्री दचकून जाग येते, मग मनाशी म्हणते, क्रूस आहे तिच्याजवळ, एकटी नाही ती. तेव्हा कुठे डोळा लागतो." सर मात्र त्यांच्या देखत कधी रडले नाहीत, आणि ते बाईंनी त्यांना कधीच माफ केलं नाही. चारचौघांत टोमणा मारायच्या, "त्रिकोणाचे कोन मोजणारा माणूस, त्याला कसलं काळीज!" सर तोंडात मूग गिळून बसायचे. सहा वर्षांपूर्वी तेही गेले. ते गेल्यावर क्रूस कुठे गेला, हे मामांना कळलं नव्हतं. आज तो असा समोर येऊन पडला होता.

"बरं, हिरे तरी खरे आहेत ना?" व्यापारी म्हणाला.

"हिरे खरे असतील. काम खोटं आहे." बाई कडक आवाजात म्हणाल्या. "माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या कामाची नक्कल इथून धड बाहेर जात नाही. हिरे सुटे करून देते, सोनं वितळवून देते. चालेल?"

पत्र मिळणार नसेल तर व्यापाऱ्याला सुटे हिरेच सोयीचे. त्याने मान डोलावली.

"मामा, घ्या हा. मोडा."

इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर बाईंची चाळीस वर्षांची झोप उडणार. गप्प राहावं तर पोरीची एवढी एकच खूण उरलेली, तीही आपल्याच हाताने मोडायची. हलू नये म्हणून मामांनी क्रूस गरम लाखेवर पक्का केला. हिऱ्याला धरून ठेवणारी सोन्याची नखं असतात, ती सळईच्या टोकाने हळूच मागे सारायची म्हणजे हिरा सुटतो. एक सुटला. दुसरा सुटला. मामांनी मुद्दाम वेळ लावला, एकदोनदा चाचपडल्यासारखंही केलं. मनात एकच घोकत होते: बोलू? नको. बोलू? व्यापारी हवेबद्दल, रस्त्याच्या खोदकामाबद्दल काहीबाही बोलत होता. दहा बारीक हिरे वाटीत पडले. मधला राहिला.

मामांचं डोकं अजून त्या प्रश्नातच अडकलेलं होतं. हातांनी मात्र लाख जराशी तापवली, क्रूस सोडवला, पालथा केला आणि मधल्या हिऱ्याचं सोन्याचं घर अंगठ्याच्या नखाने डावीकडे अर्धा फेरा फिरवलं. ते टक करून सुटलं.

माणूस तोंड बंद ठेवू शकतो, हातांचं काय करणार?

मधला हिरा मागून फिरवून काढता यावा ही बाईंची कल्पना, आणि ती जमवली मामांनी. फक्त या एका क्रूसात. चित्रात ती दिसत नव्हती. नक्कल करणाऱ्याच्या बापाला कळली नसती.

बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. व्यापाऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा. हा मी घेतेय. तुमची किंमत कागदावर लिहून ठेवा." तो गेला. त्यांनी दार लोटलं.

"तिच्या गळ्यातून कुणी काढला?"

"सरांनी," मामा म्हणाले. "साखळी मी सोडवली."

बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. वाटीतले सुटे हिरे बोटाने सारखे करू लागल्या. मामांना वाटलं होतं, चिडतील, हाकलून देतील. ते सोसलं असतं.

"एवढी वर्षं कुठे होता?"

"सरांकडेच. एरवी कुठे ठेवायचे, ते मला माहीत नाही. तिच्या वाढदिवसाला दरवर्षी, तुम्ही प्रार्थनेला गेलात की, सर इथे घेऊन यायचे. कोटाच्या अस्तरातून काढायचे. मी साफ करून द्यायचो. तेवढा वेळ ते या स्टुलावर बसायचे."

"त्यांचे कोट मीच वाटून टाकले," बाई म्हणाल्या. "ते गेल्यावर आठवड्याच्या आत. मला ते घरात नको होते." मग खालच्या आवाजात विचारलं, "रडायचे?"

मामांना खोटं बोलता आलं नाही. "खूप. मला बाहेर जाऊन उभं राहावं लागायचं."

"तुमच्यासमोर रडायचे." बाईंनी वाटी बाजूला सारली. "आणि मी त्या माणसाला दगड म्हणत राहिले. आजारपणात सूप भरवतानासुद्धा म्हटलं हो मी. त्यांनी नुसतं तोंड पुसलं."

मामांनी पाण्याचा पेला पुढे केला, तो बाईंनी घेतला नाही.

"म्हणजे तिच्या गळ्यात काहीच नाही," त्या म्हणाल्या. "मी रोज मनाशी म्हणत आले, आणि तिच्याजवळ काहीच नव्हतं."

"होतं, बाई." मामांनी डोळे पुसले. "सरांनी क्रूस काढला आणि मग थांबले. गळा उघडा पडला म्हणाले. स्वतःचा मफलर काढला आणि तिला नीट गुंडाळला, दोन वेढे देऊन. शाळेत पाठवताना गुंडाळतात तसा. मग म्हणाले, आता लावा झाकण."

बाईंनी स्टूल पुढे ओढलं.

"राखाडी? लोकरीचा?"

"हो."

"तो मी विणला होता," बाई म्हणाल्या. "तो सबंध हिवाळा मी त्यांना बोलले, मफलर कुठे हरवून आलात म्हणून."